दोन हत्ती आणि नंदुरबारच्या भिंती

माझी फुई, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्या कोरीट गावात कुणाचंही लग्न निघालं की दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती काढायची. यंदा लग्न माझ्याच मुलीचं. पण फुईचा हात आता कापतो, आणि व्याही पडले नवापूरचे, रेल्वेतले. म्हणून मी, गावचा शाळामास्तर, तिला न सांगताच नंदुरबारच्या दगडू पेंटरला काम देऊन मोकळा झालो होतो. तिला कसं सांगावं, एवढाच प्रश्न उरला होता. तेवढ्यात तीच म्हणाली, "मास्तर, माले नंदुरबारन्या भिती दखाड." तिथंच विषय काढू, म्हणून मी हो म्हणालो.

उजाडताच बैलगाडी जुंपली. जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: सध्या मिरचीचे दिवस आहेत, नाकाला फडकं बांधून जा. गावाबाहेर वाळत घातलेल्या लाल पथाऱ्या दिसायला सुरेख, पण आमचे बैलसुद्धा शिंकत होते. फुई तेवढी मजेत, पदर खोचून गाडीत उभी.

आधी तिला तसबिरींच्या दुकानात नेलं. आमच्याकडचा अजबखाना म्हणाल तर हाच. तीन भिंती वरपासून खालपर्यंत काचेतल्या देवांनी भरलेल्या, आणि बघायला पैसे पडत नाहीत. फक्त काचेला हात लावायचा नाही. फुईनं पहिल्याच काचेला हात लावला. दुकानदार खेकसला तशी हात मागे घेऊन माझ्या कानात म्हणाली, "बठ्ठ्या देव्या एकच मायन्या पोरी दिखतस." मी पुन्हा पाहिलं. खरंच, तेच नाक, तीच हनुवटी, फक्त लुगड्यांचे रंग वेगळे. इतकी वर्षं मी या दुकानात येतोय, पण माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं.

मग गल्ल्या धरल्या. लग्नसराईत नंदुरबारच्या चितारलेल्या भिंती बघाव्यात त्या सकाळी, ऊन तिरपं असताना. बंदूकवाले शिपाई, पंखा घेतलेल्या बाया, एक मोटार, आणि एका व्यापाऱ्याच्या घरावर तर धूर सोडणारं अख्खं इंजिन! फुई इंजिनासमोर बराच वेळ उभी राहिली. तिनं चाकं मोजली. मला हायसं वाटलं. एका आण्याची गरम भजी घेतली, सोबत तळलेली मिरची फुकट. ओट्यावर बसून खाऊ लागलो. आता विषय काढावा असं ठरवून मी घसा खाकरला.

तेवढ्यात समोरच्या घराच्या परांचीवरून आवाज आला, "मास्तर! कोरीटनं काम शे ना? कव्हय येऊ?"

दगडू पेंटर. कोपरापर्यंत निळा. हातातलं भजं कुठं ठेवावं मला कळेना. फुईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती उठली, दारापाशी गेली आणि त्यानं काढलेले दोन हत्ती न्याहाळू लागली.

"भाऊ, हाऊ डावा हत्ती कोठे चालना?"

"कोठे म्हंजे, माय?"

"दोन्ही हत्तीस्ना तोंड दारकडे पाहिजे. तुन्हा हाऊ तं नवरदेवले शेपूट दखाडी ऱ्हायना!"

गल्लीत हशा पिकला. पेंटर कानापर्यंत लाल झाला. त्यानं दोन्ही हत्तींसाठी वापरलेला, आकार सुईनं टोचलेला एकच कागद दाखवला. त्यावर कोळशाची पूड चोळायची, भोकांतून भिंतीवर ठिपके उमटतात, ते जोडायचे. "एक बाजू काळी व्हयी जास, माय. उलटा लावं तं भित खराब व्हस."

"मंग दोन कागद कर. लगीन एक ऱ्हास, हत्ती दोन ऱ्हातस."

तो हसला. व्यापाऱ्याच्या घरचं इंजिनही त्याचंच निघालं, तशी ती खाली बसली आणि रंग धरायला सरस किती घालतोस, इंजिनाचा धूर कसा उडवलास, असं एकेक विचारत राहिली. आता भांडण होईल म्हणून मी वाट बघत होतो, पण झालं नाही.

परतीच्या वाटेवर मला राहवेना. "फुई, चुकलो. तुला न विचारता त्याला सांगितलं."

"माले म्हाईत व्हतं. गावमा तुन्हं गुपित कव्हय टिकनं?"

"मग दोष काढायला आली होतीस?"

"नही रे. मन्हा मांगे कोन काढी, ते दखाले उनू. इंजिन चांगलं काढस तो."

खरं सांगतो, मला फार लाज वाटली. मी तिला चुकवायचा बेत करत होतो, आणि ती आपलं काम कुणाच्या हाती द्यावं ते बघायला निघाली होती.

चार दिवसांनी पेंटर यायचा होता. त्या सकाळी उठून पाहतो तो फुई अंगणात. घमेल्यात पांढरी माती कालवलेली, हातात पोतेरं, आणि समोर दाराशेजारच्या भिंतीवर माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तिनंच काढलेला हत्ती. सोंड पुसली होती, आता पाठीवर पोतेरं फिरत होतं. मी धावत जाऊन तिचा हात धरला. तो थरथरत होता.

"सोड," ती म्हणाली. "ह्या कामले हात कापना तरी चालस."