नळीचा नट

गाडीच्या मागच्या हौद्यात मारोती गोधडीवर पडला होता, तोंडाला फेस, आणि गाडी सुरू होत नव्हती. माझा नवरा चावी फिरवत होता. इंजिन नुसतं घरघरत होतं—पकडत नव्हतं. का पकडत नव्हतं, ते तिथं मला एकटीला माहीत होतं. सकाळी डिझेलच्या नळीचा नट मीच ढिला केला होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीलाही नाही.

मारोती आमच्या वावरात फवारायला होता. कापसाची ती वाईट वर्षं. अळी मरेना, म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र कालवायचे. आम्हीही कालवलं. वारा फिरला आणि सगळं त्याच्या तोंडावर आलं. बाजाराचा दिवस, गावातल्या जीपा दारव्ह्याला गेलेल्या. राहिली आमची जुनी पिकअप.

जुनी, पण दगा देणारी नव्हती. रज्जाक मिस्त्रीनं ती दुभत्या म्हशीसारखी जपली होती. वेळेवर तेल बदलायचा, फिल्टरमधलं पाणी सोडायचा, आवाज ऐकून दुखणं सांगायचा. "गाडी बुढी नाही होत वहिनी, मालक आळशी होतो," असं हसायचा. नळीत हवा शिरली की तो नट सोडायचा आणि मी अंगठ्यानं छोटा पंप दाबायची, बुडबुडे थांबेपर्यंत. कुठला नट, किती फिरवायचा—त्याच्याजवळच शिकले.

आणि त्याच्याच विरुद्ध वापरलं. नवऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. एकदा रस्त्यात उभी बैलबंडी त्याला दिसली नाही, थोडक्यात वाचला. डोळ्याचं नाव काढलं की ताटावरून उठायचा. मग त्याला लांब जायचं असलं की मी पाना घेऊन नट जरासा सोडायची. गाडी घरी, माणूस घरी. मला बरं वाटायचं—खोटं कशाला बोलू? रज्जाक यायचा, वायसर बदलायचा, नळी बदलायचा, डोकं खाजवायचा. नवरा त्याला बोलायचा. मी चहा द्यायची. त्या सकाळीही नवऱ्याला दारव्ह्याच्या बाजाराला जायचं होतं.

त्या दुपारी काय करायचं होतं? पुढं व्हायचं, नट आवळायचा, पंप दाबायचा. पण बॉनेटभोवती सगळं गाव. हिला कसं कळलं, असं कोणी विचारलं असतं तर? मी मारोतीच्या बायकोचा हात धरून उभी राहिले. "चालू होईन ना वं माय?" ती विचारत होती. "होईन," मी म्हटलं. शेजारच्या गावाहून रज्जाक येईपर्यंत मी तेवढंच म्हणत राहिले. मागे मारोती ओकत होता.

रज्जाक सायकल टाकून धावला. नट हातानंच फिरला. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही—मी असेन, हे त्याच्या मनातही आलं नाही. "माह्याच हातून ढिला राह्यला," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

"पाना ठेव आता, चहाची टपरी टाक," मागून कोणी बोललं.

मी पंप दाबत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? नाही उघडलं.

गाडी सुरू झाली, मारोतीला नेलं. मागून रज्जाकनं दवाखान्यात जाऊन मारोतीच्या बायकोची माफी मागितली. गावच्या गाड्या त्याच्याकडं जाणं बंद झालं. आमची तेवढी जात राहिली. तिथं मी हट्ट धरला. काम झालं की तो प्रत्येक नटाला पुन्हा हात लावून पाहायचा. घरी निघाला तरी फाटकातून परत यायचा—"एकदा पाहून घेतो वहिनी." तसा चांगला हात होता त्याचा. त्याला भ्यायला मी लावलं.

नवऱ्याला त्याच वर्षी समोर बसवून सांगितलं, डोळ्याचं ऑपरेशन कर, तू गाडी काढली की मला भीती वाटते. करून आला. एवढंच सांगायचं होतं. आधी का सांगितलं नाही? तोंडात जीभ होती माझ्या.

रज्जाक गेला, आपलाच हात चुकला असं समजून. नवराही गेला. मारोती आहे, त्याची बायको आहे, आणि मी आहे.