अक्काच्या बिबड्या
बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, चीक शिजायला लागला, की त्या वासानं मला शिरपूरचा तो उन्हाळा आठवतो. स्वराज्य नुकतंच आलं होतं आणि मी नवी सून होते. परसात रोज बाजरी टाकून चिमण्या जमवायच्या, एवढंच माझं सुख. एकदा शेजारच्या अक्काच्या लुगड्यावर पाखरांची घाण पडली, तर तिनं आमच्या डाळिंबावरचं बुलबुलाचं घरटं काठीनं पाडलं. अंडी फुटली. मी रडले, तर म्हणाली, “चिड्या काय तुन्या शेतस का?” पाखरं काय तुझी आहेत, असं. मग तिनं घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, बिबड्या वाळत घातल्या, त्या दिवशी मी परसात एक दाणा टाकला नाही. उपाशी थवा सरळ तिच्या धाब्यावर उतरला. “तुन्या चिड्यास्नी बठ्ठ्या बिबड्या खाई टाक्यात!” अक्का ओरडली. मी पदर सावरून विचारलं, “अक्का, चिड्या काय मन्या शेतस का?” आता सुनांच्या बिबड्या मी राखते, पण पहिल्या चिमणीला हाकलत नाही, अक्काच्या नावानं खा म्हणते.