उजवा फोटो डावीकडे

१० नोव्हेंबर १९७३, शनिवार. सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन, वारा उत्तरेचा.

रोज झोपण्याआधी हवा कशी होती ते लिहायचं आणि दिवसभरातली एखादी गोष्ट, ही माझी जुनी सवय. नगरच्या कचेरीत लागल्यापासून हवेला एक ओळ आणि कचेरीला दोन पानं लागू लागली. किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. नोकरीत खाली मान घालून बसलं की ते आपोआप साठतात.

काम असं. पूर्वी विमानातून काढलेले जिल्ह्याचे फोटो पुण्याहून लोखंडी पेट्यांतून आमच्याकडे आले होते. प्रत्येक फोटोचं कार्ड करायचं: गाव कुठलं, ओढा कुठला, शेजारचा फोटो कोणता. बाहत्तरचा दुष्काळ पडलेला. या फोटोंवरून साहेब पाझर तलावांच्या जागा ठरवणार होते. कचेरीत आम्ही तिघं: साहेब, मी कारकून आणि शिपाई रहमानभाई. चौथे पाथर्डीकडच्या बोरखडी गावचे लक्ष्मणआण्णा. ते नोकरीत नव्हते, पण आमच्यापेक्षा नियमित यायचे. दरवर्षी दसरा-दिवाळी झाली की त्यांचं गाव बैलगाड्या जुंपून बेलापूरकडे ऊसतोडीला उतरायचं. एक तलाव झाला तर गाव गावात राहील, एवढंच त्यांचं मागणं.

*

पेट्या उतरवताना सुतळ्या तुटल्या आणि फोटोंची सरमिसळ झाली. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर रहमानभाईंनी स्वतःहून सगळे फोटो लावून ठेवलेले. कडेला कड जुळवून, देखण्या थप्प्या.

"कशावरून लावले?" मी विचारलं.

"रंगावरून, भाऊसाहेब. काळे काळे हिकडं, गोरे गोरे तिकडं."

लावायला त्यांना एक दिवस लागला, निस्तरायला मला तीन महिने. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'वर्गीकरण दोनदा करण्यात आले.'

*

फोटोंच्या मागे 'गोपनीय' असा शिक्का होता. आण्णा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी टोपी काढून विचारलं, "आमचं गाव दावा की साहेब. वरून कसं दिसतंय ते बगू."

"दाखवता येत नाही. गुप्त आहे."

आण्णा म्हणाले, "कुनापासून गुप्त? मी तर तितंच ऱ्हातो."

साहेब मला म्हणाले, "कपाटाला कुलूप लावा."

*

घोडेगावच्या एका फोटोत काळे-पांढरे ठिपके दाट पसरलेले होते. साहेब म्हणाले, "लिहा, खडकाळ पड." मी लिहिलं.

पुढच्या आठवड्यात रहमानभाई चहा ठेवता ठेवता वाकले. त्यांचे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. "साहेब, ही बैलं हायेत. बाजाराच्या दिवशी काढलाय फोटो."

साहेबांनी भिंग लावलं. बैलच होते. कडेला गाड्याही सुटलेल्या दिसत होत्या.

"टिपण वर गेलंय," साहेब म्हणाले. "आता खडकच."

पुढे तिथला दगड तपासायला दोन माणसं येऊन गेली. जाताना त्यांनी बाजारातून एक शेळी नेली म्हणे.

*

एका दुपारी आण्णा रिकामी घागर घेऊनच कचेरीत आले. बोरखडीचा टँकर बंद झाला होता. कारण आमचं टिपण: 'ओढ्यास पाणी आहे.' फोटोत ओढा काळाभोर, चकाकणारा दिसत होता, हे खरं.

मी साहेबांना म्हणालो, "हा फोटो फार जुना आहे. पाऊस चांगला झालेल्या सालातला."

"कार्डावर तसं कुठं आहे?"

"तारखेचा रकानाच छापलेला नाही, साहेब."

"मग?"

आण्णांनी घागर माझ्या टेबलाशी टेकवली. "मला भांडायचं न्हाई, भाऊसाहेब. पानी कुटं हाय तेवढं सांगा. आमीच जाऊन आनतो."

टँकर अकरा दिवसांनी सुरू झाला. कार्ड तसंच राहिलं.

*

आता बोरखडीच्या तलावाचं.

एकाच जागेचे दोन लागोपाठचे फोटो शेजारी मांडून दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिले की जमीन उठून दिसते. टेकाड वर येतं, ओढा खाली जातो. फक्त डावा फोटो डावीकडेच हवा. अदलाबदल झाली तर सगळं उलटं दिसतं: ओढ्याच्या जागी टेकडीची सोंड आणि सोंडेच्या जागी ओढा.

साहेबांनी बोरखडीच्या तलावाची जागा ठरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी यंत्र पुसायला गेलो. जोडी उलटी लागलेली होती. मी फोटो सरळ मांडले आणि साहेबांना बोलावलं.

ते बराच वेळ पाहत राहिले. मान वर न करता म्हणाले, "नकाशा गेला का पुण्याला?"

"काल गेला."

"माझ्या सहीनं?"

"हो."

ते खुर्चीत बसले. "या जोडीच्या कार्डावर शेरा लिहा. 'पाहताना उजवा फोटो डावीकडे ठेवावा.'"

"साहेब, मग बांध सोंडेवर येईल."

"तुमचं शिक्षण किती?"

"सातवी."

"लिहा."

मी लिहिलं. खाली 'तपासले' म्हणून सहीही माझीच आहे.

दुष्काळी कामावर बोरखडीच्या लोकांनी सात महिने त्या सोंडेवर माती वाहिली. हितं पानी चढायचं न्हाई, असं ते मुकादमाला सांगत राहिले. मुकादम म्हणायचा, फोटोत ओढा आहे.

जूनमध्ये आण्णा आले. साहेब समोरच बसले होते. आण्णा माझ्याकडे वळले.

"भाऊसाहेब, फोटो तुमी बगितलाय. तितं ओढा हाय का?"

"कार्डावर आहे," मी म्हणालो.

"कार्डावरचं न्हाई इचारलं मी."

मी दौतीचं झाकण लावत बसलो. आण्णांनी टोपी घातली आणि गेले.

यंदा पाऊस चांगला झाला. पाणी जुन्या ओढ्यातून वाहून गेलं, तलावात साठलं नाही. दिवाळी झाल्यावर सोमवारी बोरखडीच्या बासष्ट घरांपैकी सत्तावन्न घरं बेलापूरकडे उतरली. पहिली गाडी आण्णांची होती.