वणव्यानंतरचा व्हाळ

ठाण्याहून सकाळच्या आगगाडीत बसलो तेव्हा आषाढातली झड चौथ्या दिवशीही थांबली नव्हती. माझी धाकटी बहीण गोदू मलंगगडाच्या पायथ्याशी दिलेली. तिला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचे होते आणि कचेरीतून रजा मिळेपर्यंत महिना उलटून गेला होता. वाटेत मुंब्र्याचा डोंगर, खाडी, काही धड पाहिले नाही. मी मुळात उतावळा. गाडी स्टेशनात थांबली की मनातल्या मनात तिला ढकलू लागतो.

कल्याणला बाजारात थोड्या खारका घेतल्या आणि बैलगाडी ठरवली. गाडीवान गोमा तिकडचाच ठाकूर.

"औंदा डोंगर पार जळला, दादा," तो म्हणाला. "भात पेरायच्या आधी जमिनीवर पाला-फांद्यांचा राब भाजताना वारा पडायची वाट बघतो आम्ही. औंदा रानाचा सरकारी राखणदार यायच्या आत उरकायला गेलो. वारा फिरला."

पाऊस जरा उघडला तेव्हा मला तो डोंगर दिसला. आषाढात हिरवागार असायचा, तो काळा बोडका उभा होता आणि अंगावरून तांबड्या मातीचे ओघळ वाहत होते. पुढे चाक आसापर्यंत चिखलात रुतले. ते काढताना माझी एक वहाण तिथेच राहिली.

गोदूचे घर व्हाळाच्या (ओढ्याच्या) पलीकडे, उंचवट्यावर. त्यावरचा लाकडी साकव दोन दिवसांपूर्वीच वाहून गेला होता. गाडी अलीकडे ठेवून गोमाने मला हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून पोचवले आणि तो बैलांकडे परतला. पाण्याला राखेचा वास येत होता.

गोदूच्या सासूबाईंनी नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली, आणि मग सांगितले, "पाहुणे, कालच आठवा लागला. आठव्यात दोन जिवांच्या बाईनं वाहतं पाणी ओलांडू नये."

मी पुष्कळ वाद घातला. गोदू ओटीवर येऊन हळूच म्हणाली, "दादा, मला ने. वर दगड गडगडतात, मला भीती वाटते." माझा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस धो धो कोसळत होता, आणि व्हाळात मात्र घोट्याएवढेच पाणी उरले होते. मला आनंदाने काही सुचेना. सासूबाईंनी काठावर येऊन पाहिले.

"वाहतं पाणीच नाही म्हटल्यावर मी कशाला अडवू? न्या," त्या म्हणाल्या.

गोदूचा हात धरून मी खाली उतरलो. पलीकडच्या टेकडीवरून गोमा हातवारे करत ओरडत होता. "मागं फिरा, दादा. एवढा पाऊस पडतोय, मग पाणी गेलं कुठं? वर आडलंय ते."

मी ऐकले, अगदी स्पष्ट ऐकले. पण पलीकडचा काठ दहा पावलांवर होता, गाडी उभी होती, आणि मी तिला ओढतच राहिलो. गोदूने हिसडा देऊन हात सोडवला आणि मागे फिरली. तिला रागे भरायला मी वळलो, तेवढ्यात वरून आवाज आला. सासूबाईंनी खाली धावत येऊन मला बखोटीला धरून वर खेचले. जळक्या ओंडक्यांसकट काळा चिखल आमच्या पायांखालून गेला. मी उभा होतो ती जागा पुन्हा दिसली नाही. गोमाने बैल सोडून टेकडीवर नेले होते म्हणून तो वाचला, गाडी गेली.

तीन दिवसांनी वरच्या डोंगरधारेने, गोदूला चालवणार नाही अशा वाटेने, मी एकटा निघालो. वाटभर एकच विचार छळत होता. राब पेटवणाऱ्यांना मी मनातून किती नावे ठेवली होती, आणि माझी घाई काय वेगळी होती?

ठाण्याला आई दारातच उभी होती. माझ्यामागे कोणी नाही हे तिने पाहिले.

"त्या बाईनं आठव्याचं खूळ काढून अडवली ना पोरीला?" तिने विचारले.

मी हो म्हणालो आणि पाय धुवायला गेलो.