आईचे अडकलेले डबे

मी सातव्या महिन्यात जन्मले, आणि आईच्या मते माझा स्वभाव तेव्हाच कळला होता. "हिला दम म्हणून नाही," असं ती आल्यागेल्याला सांगायची. नैवेद्य दाखवायच्या आधी चकलीचा तुकडा मोडणारी मी. गणित सोडवायच्या आधी मागच्या पानावरचं उत्तर बघणारी मी. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग" ही म्हण आमच्या घरात फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेली होती, मी मुलगी असूनसुद्धा. आता पन्नाशी उलटली. घटस्फोटाला बारा वर्षं झाली. बाळकुमच्या एका टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर मी एकटी राहते, घरूनच ऑफिसचं काम करते, आणि जिना चढताना गुडघे दुखतात. बाशिंग मात्र अजून सुटलेलं नाही.

अशा बाईच्या हातात कोणीतरी दहा मिनिटांत सामान आणून देणारं ॲप दिलं. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मी त्या ॲपला नावं ठेवणार नाही. दोन वर्षांपूर्वी मला एकशेतीन ताप होता, घरात पाणी द्यायला कोणी नव्हतं, शेजारी कोण राहतं हे मला धड माहीत नव्हतं, तेव्हा थर्मामीटर, गोळ्या आणि शहाळ्याचं पाणी दाराशी आलं ते त्या ॲपमुळेच. त्या दिवशी मी त्याला हात जोडले होते. पण ताप उतरला आणि सवय राहिली. कोथिंबीर संपली, मागव. पेनातली शाई फिकी वाटली, मागव. दुपारी चारच्या सुमाराला, मीटिंगा संपल्या की घर एकदम मोठं वाटायला लागतं, तेव्हा तर मी फोन हातात घेऊन नुसती काहीतरी हवंसं वाटायची वाट बघत बसायचे. एकदा मी लिंबू मागवलं आणि ठेवायला फ्रिज उघडला, तर आत तीन लिंबं होती. मला लिंबू नको होतं. मला दाराची बेल वाजायला हवी होती. हे मला तेव्हाही कळलं होतं, पण कळून मी दुसऱ्या दिवशी सुगंधी मेणबत्ती मागवली.

आई डोंबिवलीला राहते, मी लहानाची मोठी झाले त्याच घरात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. ती शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे अजूनही स्वच्छ बोलते आणि स्वच्छ रागावते. बाबा गेल्यावर "माझ्याकडे राहायला ये" असं मी म्हटलं होतं, आणि "एकविसाव्या मजल्यावर मला कोण ओळखणार," असं म्हणून तिने तो विषय संपवला. मग आमचं एक ठरून गेलं. ठरवलं कोणीच नाही, पण ठरलं. दर दुसऱ्या रविवारी मी जायचे. बाळकुमहून माजिवडा, तिथून कळवा, मुंब्रा, मग शीळफाट्याला ट्रकांच्या मागे तासभर हॉर्न ऐकत बसायचं आणि वैतागून डोंबिवलीत पोचायचं. आदल्या दिवशी आईचा फोन यायचा. "येताना वातींचा कापूस आण. आणि सुंठ. इथली बरी नसते." कापूस आणि सुंठ डोंबिवलीत मिळत नाही असं कोण म्हणेल? पण मी न्यायचे.

आणि परत निघताना ती डबा द्यायची. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, अंगावर ठिपक्याठिपक्यांनी बाबांचं नाव घातलेला. लग्नातली भांडी ती. आत कधी भाजणी, कधी मेतकूट, कधी आंबटगोड आमटी. डबा माझ्याकडे आला की तो परत न्यायचा, आणि तोही रिकामा नाही. रिकामा डबा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आमच्याकडे आईने आणि तिच्या आईने घोटवून घेतलेलं. मग मी त्यात काहीतरी घालून न्यायचे, ती तो रिकामा करून दुसरा भरून द्यायची, आणि एखादा नेहमी माझ्याकडे राहायचा. त्यावरून ती फोनवर कुरकुर करायची. "माझे डबे अडकलेत गं तुझ्याकडे. भाजणी कशात ठेवू मी?"

ॲप आल्यावर पहिल्यांदा कापूस गेला. शनिवारी तिचा फोन आला, मी बोलता बोलताच तिच्या पत्त्यावर कापूस मागवला, आणि फोन ठेवून अकरा मिनिटं झाली नाहीत तोवर तिचा परत फोन.

"अगं, कोणीतरी कापूस देऊन गेलं."

"मीच पाठवलाय."

"मला आजच्या आज कुठे हवा होता? उद्या आणणार होतीस ना तू?"

"उद्या आणला काय नि आज आला काय, आई. कापूसच आहे."

तिने फोन ठेवून दिला. मला मात्र फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं कसलं होतं ते आता लिहून टाकते. आईने काही मागितलं की माझ्या मनात एक टोचणी सुरू व्हायची. ती एकटी आहे, आपण लांब आहोत, आपण कमी पडतोय. पूर्वी ती टोचणी रविवारपर्यंत टिकायची आणि मला शीळफाट्यापर्यंत ओढत न्यायची. आता "सामान पोचलं" असा मेसेज आला की टोचणी बंद. दहा मिनिटांत मी चांगली मुलगी व्हायचे. यापेक्षा स्वस्त सुख मला दुसरं सापडलेलं नाही.

मग सुंठ गेली, देवाचं तेल गेलं, आल्याचा पाक, गुडघ्याला लावायचं मलम. तीही हुशार. ॲपवर न मिळणाऱ्या गोष्टी काढायला लागली. माळ्यावरचं पातेलं काढायचंय म्हणाली. मी दुसऱ्या ॲपवरून सुतारकाम, नळकाम करणारा माणूस पाठवला. त्याने पातेलं काढलं, वर गॅलरीतली कडीही बसवून दिली. मोबाईलमधली अक्षरं बारीक झालीत म्हणाली. मी फोनवरच सांगून मोठी करून घेतली. माझी रविवारची फेरी महिन्यातून एकदा झाली, मग दीड महिन्यातून. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होतं आणि कारण खरं होतं. खाडीवरचा नवा पूल याच सुमाराला झाला. आता बाळकुमहून डोंबिवली अर्ध्या तासावर आली. मी त्या पुलाचे फोटो आईला पाठवले. गेले नाही.

राहिले होते ते डबे. ती प्रत्येक फोनला विचारायची. "माझे डबे कधी आणतेस?" आणि एका मंगळवारी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणाची तरी बोलणी खाऊन बसलेले असताना, तिने पुन्हा तेच विचारलं आणि माझं डोकं फिरलं. "आज मिळतील तुला," म्हटलं, "संध्याकाळच्या आत."

स्वयंपाकघरातले सगळे डबे काढले. आठ डबे आणि एक कडीचा. घासले, पुसले. रिकामे पाठवायचे नाहीत एवढी अक्कल शाबूत होती, म्हणून ॲपवरून काजूकतली, चिवडा, खारी, राजगिऱ्याचे लाडू, असं मिळेल ते मागवलं आणि पाकिटं फोडून एकेका डब्यात भरलं. अर्ध्या तासात काम फत्ते. दोन मोठ्या पिशव्या पार्सलवाल्याकडे दिल्या. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. रीतही पाळली, वेळही वाचला, आणि तिची कायमची कुरकुर मिटवली. आपण किती शहाण्या आहोत असं वाटत असताना माणूस किती मूर्ख असू शकतो, याचा तो मंगळवार नमुना आहे.

पाच वाजता पार्सल पोचल्याचा फोटो आला. हल्ली पुरावा म्हणून तसा काढतात. आईच्या दाराचा उंबरा, त्यावर माझ्या दोन पिशव्या, आणि वरच्या कोपऱ्यात तिची पावलं. निळ्या स्लिपर, सुजलेले घोटे. घोटे सुजतात हे तिने मला सांगितलं नव्हतं. पार्सलवाल्याच्या फोटोतून मला ते कळलं.

तिचा फोन येईल म्हणून मी थांबले. आला नाही. दिवेलागणीला मीच केला.

"मिळाले का डबे?"

"मिळाले. सगळे आले." मग म्हणाली, "आता तुझ्याकडे माझं काही राहिलं नाही."

ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं, तिच्या रागाशी मी जन्मभर झगडत आले आहे. डाळ शिजली असं सांगावं तशी ती ते बोलली.

त्यानंतर तिने काहीच मागितलं नाही. "काही हवंय का?" विचारलं की "सगळं आहे गं." दोन मिनिटांत फोन संपायचा. आधी मला हलकं वाटलं. मग एका रविवारी सकाळी चहा घेताना लक्षात आलं, की डोंबिवलीला जायला माझ्याकडे काही कारणच उरलेलं नाही. आईकडे जायला कारण लागतं का? इतरांना लागत नसेल. आमच्या घरात "तुझी आठवण येते" असं कोणी कधी म्हटलेलं नाही. बाबांनी आईला नाही, आईने मला नाही, मी कोणालाच नाही. आमच्याकडे "माझे डबे अडकलेत" असंच म्हणतात. मी एवढी वर्षं ते ऐकत होते आणि मला ती तक्रार वाटत होती. त्या दिवशी मी रिकाम्या फळीकडे बघून रडले. आईची ती हाक मी माझ्या हातांनी घासूनपुसून पार्सल केली होती.

पुढच्या रविवारी न सांगता गेले. हातात काही नव्हतं. पुलावरून खरंच अर्धा तास लागला. तीन जिने चढून बेल वाजवली. आईने दार उघडलं आणि माझ्या मागे बघितलं, आणखी कोणी आहे का ते.

"काय गं, इकडे काही काम होतं?"

"नाही. सहज आलेय."

"सहज?" म्हणाली आणि बाजूला झाली.

ती वाल सोलत बसली होती. परवा रात्री भिजत घातलेले, काल फडक्यात बांधलेले, आज मोड आलेले, कोमट पाण्यातून काढून एकेक सोलायचे. एकट्या बाईने स्वतःसाठी डाळिंब्यांची उसळ करायची म्हणजे तीन दिवसांचा खटाटोप. मी खाली तिच्यासमोर बसले. आधी तिने उठून बशीत चिवडा दिला. मीच पाठवलेला. "चांगला आहे हो," म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं. मग आम्ही सोलत बसलो. माझ्या हातून वाल चिरडत होते, मी जोर फार लावत होते. ती माझे फुटलेले दाणे न बोलता वेगळे करत होती. तासभर गेला. मी विचारलं, "पाय सुजतात का?" ती म्हणाली, "संध्याकाळी थोडे." आणि तिने कोमट पाण्यातून आणखी मूठभर वाल काढले. दुपारी जेवायला बसले तेव्हा मला वाटलं, झालं, आता सगळं जागेवर येईल. उसळ गरम होती, आमसुलं नेमकी पडली होती, आणि निघताना ती डबा देणार हे मी गृहीत धरलं होतं.

चार वाजता मी निघाले तेव्हा ती आत गेली. फळीवर बाबांच्या नावाचे नऊच्या नऊ डबे ओळीने लावलेले मला दारातून दिसत होते. ती बाहेर आली ती प्लास्टिकचा डबा घेऊन. हॉटेलातून भाजी येते तसला, पातळ, पांढरा, पारदर्शक झाकणाचा. आत उसळ.

"खालच्या दुकानात डझनाने मिळतात," म्हणाली. "बरे पडतात. खाल्लं की टाकून द्यायचा."

"आई, स्टीलचा दे ना."

"अगं, मग तो तुला परत आणावा लागेल."

"आणीन की."

तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. मला बरं नसलं की माझ्या शाळेला चिठ्ठी लिहून द्यायची, तेव्हा असायची तेवढीच काळजी होती.

"कशाला?" म्हणाली. "तुला तेवढ्यासाठी यायला लागतं. तू कामात असतेस."

आणि तिने डबा पिशवीत घातला, उसळ गाडीत सांडू नये म्हणून पिशवीला दोन गाठी मारल्या आणि माझ्या हातात दिली.