चौथा खड्डा

माझं डोकं लहानपणापासून तापट. आधी हात उठतो, मग विचार येतो. त्या दिवशी मी धाकट्या भावाचा दात पाडला आणि त्यानं माझ्या खांद्याचं हाड मोडलं. तेही कशापायी, तर बगिच्यापायी.

पुण्यातली नोकरी संपवून मी बाळापूरला परतलो होतो. घरामागच्या मोकळ्या जागेत बाग करायची म्हणून नांदेडच्या एका बाईंना बोलावलं. बागेचे नकाशे काढणं हेच त्यांचं काम. फोनवर म्हणाल्या, "रविवारी येते. तोवर जागा साफ करा आणि चार कोपऱ्यांत दोन-दोन फूट खड्डे घेऊन ठेवा. माती बघितल्याशिवाय मी कागदाला पेन्सिल लावत नाही."

शनिवारी सकाळी मी स्वतःच पहार उचलली. तीन खड्डे झाले. चौथ्यासाठी सीताफळाच्या झाडाजवळ चार घाव घातले, तोच भाऊ घरातून धावत आला आणि त्यानं पहार धरली.

"इथं न्हाई दादा."

"काहून न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना. सोड."

कारण काही सांगेना, नुसता पहार धरून उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, मी पुण्यात असताना इतकी वर्षं हाच इथं राहिला, आता मालक झाला.

"कशाला पाहिजे रं तुला जागा?" मी म्हणालो. "तुझ्या मागं हाय कोण खायला?"

तरी पहार सोडेना, तेव्हा मी त्याच्या तोंडावर बुक्की हाणली. रक्ताबरोबर दात खाली पडला. त्यानं एकदा त्या दाताकडं पाहिलं, फावडं उचललं आणि दांडा माझ्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पडल्यावरही त्यानं आणखी दोन घातले. मी एका हातानं त्याच्या डोळ्यांत माती फेकली, पाय ओढून त्याला पाडलं. पन्नाशी ओलांडलेले दोघं सख्खे भाऊ, कुत्र्यासारखे भांडलो.

त्याची बायको आली. तिनं आम्हाला सोडवलं नाही. ती सरळ त्या अर्धवट खड्ड्याशी बसली आणि उकरलेली माती दोन्ही हातांनी परत आत लोटू लागली.

"दादा, माझं लेकरू हाय इथं," ती म्हणाली.

त्यांचं एकुलतं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं होतं. आमच्याकडं तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, मातीत देतात. वर खूण ठेवत नाहीत, आणि आमच्या घरात तर पुढं कुणी त्याचा विषयही काढला नाही. मी तेव्हा पुण्यात होतो. फोनवर "वाईट झालं" म्हणालो आणि कामाला लागलो. सुटी काढून आलो नाही. कुठं ठेवलं, हे पंचवीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

रविवारी बाई आल्या. माझा हात गळ्यात बांधलेला, भावाचं तोंड सुजलेलं. त्यांनी तीन खड्ड्यांतली माती चोळून पाहिली आणि विचारलं, "चौथा कुठाय?"

"तेवढा कोपरा सोडून नकाशा काढा," मी म्हणालो.

त्या टेप घेऊन पुढं गेल्यावर मी भावाला विचारलं, "मुलगा होता का मुलगी?"

"पोरगी," तो म्हणाला. दात नसल्यानं शब्द नीट उमटला नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं.