बरी झालेली माणसं

आमच्या लालबागच्या चाळीत दुपारी मशेरीचा वास सुटला की मला शिंका यायच्या, आणि तरीही तो वास मला आवडायचा. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची, हे काम माझं. आई आणि शेजारची मावशी एकाच डबीतली मशेरी दातांना लावत गॅलरीत बसायच्या. आई मालवणकडची, मावशी साताऱ्याची. कालवणावरून दोघींचं कधी पटलं नाही, मशेरीवरून कधी बिनसलं नाही.

वडील गेल्यावर आईने आमच्या खोलीतच खानावळ सुरू केली होती. गिरणीतले दहा-बारा गडी जेवायचे. बांगड्याचं तिखलं असं की नाकातोंडातून पाणी यावं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. मोर्चासाठी ताटावरून उठून पळणाऱ्यांच्या हातात आई भाकरी कोंबायची. मुंबई आपल्याला मिळणार हे आमच्या खोलीत रोज दोन पाळ्यांत ठरायचं.

मग एकाएकी आईच्या हातचं तिखट पळालं. गडी कुरकुरू लागले, एकाने तर बाळंतिणीचं जेवण म्हणून नाव ठेवलं. जेवणाऱ्यांतला गिरणीबाहेरचा एकच जण कुरकुरला नाही. तो परळच्या इस्पितळात वॉर्डबॉय होता, चाळीत ज्याचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे त्या इस्पितळात. एका दुपारी सगळे उठून गेल्यावर त्याने विचारलं, तोंड भाजतं म्हणून मिरची कमी घालता ना? आईने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. गालाच्या आत, मशेरीचं बोट फिरायचं तिथे, दोन महिने न भरलेली जखम होती.

तो रोज मागे लागे. आईचं उत्तर ठरलेलं, "आधी मुंबई गावांदे, मगे बघू." मुंबई मिळायची तेव्हा मिळेल, ती कुठे पळून जात नाही, असं तो म्हणायचा. एकदा मात्र चिडला, आणि तेव्हा जे बोलला ते मला अजून पाठ आहे. "वहिनी, जखम हरभऱ्याएवढी असताना येतात, त्यातले खूप जण घरी जातात. अंगारा, तुरटी सगळं करून झाल्यावर येतात ते मरतात. पण बरे झालेले कुणाला सांगत नाहीत. मेलेला अख्ख्या चाळीला कळतो. म्हणून तुम्हाला तिथं नुसतं मरणच दिसतं."

शेवटी हरताळ पडला. गिरण्या बंद, जेवणारे सगळे मोर्चाला. रांधायचं निमित्तच उरलं नाही, तेव्हा आई, तो आणि मी चालत परळला गेलो.

आईला ठेवून घेतलं, गालात रेडियमच्या सुया घातल्या. चाळीत मी सांगितलं की आई मामाकडे गावी गेलीय. हा रोग लागतो असा तेव्हा समज होता. कळलं असतं तर तिच्या हातचं कोण जेवणार, आणि खानावळ बसली तर आम्ही खायचं काय? तेवढे दिवस ती खानावळ मावशीने चालवली. बरी होऊन येताना आईने लालबागच्या बाजारातून कोकमं घेतली आणि गावची म्हणून मावशीला दिली. गावच्या कोकमाची चवच न्यारी, असं मावशी म्हणाली. आम्ही मायलेकी पोट धरधरून हसलो होतो. आता आठवलं की लाज वाटते.

दीडेक वर्षाने मावशीच्या जिभेखाली जखम झाली. ती तुरटी लावत बसली. परळला दाखव, असं आईने सांगितल्यावर ती म्हणाली, "तिथनं कोण माघारी आलंय?"

आई तिच्यापासून दोन हातांवर होती. पलीकडे गडी जेवत होते. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती भात वाढायला उठली. मी तेरा वर्षांची होते, मला सगळं ठाऊक होतं, आणि मीही तोंड उघडलं नाही. हल्ली पेपरात कॅन्सरने मेलेल्यांचे आकडे येतात. खाली कारणं असतात, तंबाखू, गरिबी, उशीर. खरीच आहेत ती. पण हा उशीर कशाने होतो, ते मी आमच्या खोलीत पाहिलंय.

मावशीला परळला नेलं तेव्हा तिचं तोंड उघडत नव्हतं. मुंबई मिळाली, चाळीत पेढे वाटले, त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्याच्या संध्याकाळी गडी जेवायला बसले होते. आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"माझ्या तोंडात कॅन्सर झाल्लो. परळाक जावन बरी होवन इलंय. जेका जेवचा नसात, तेनी उठाचा."

कोणी उठलं नाही. एकाने आमटी मागितली. दुसऱ्या दिवशी सगळे आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले. ज्यांच्या भीतीने आम्ही मावशीसमोर गप्प बसलो, त्यांतला एकही माणूस आमची खानावळ सोडून गेला नाही.